बीटी कपाशीचा जमिनीवर परिणाम होतो का, हे माती तपासून कळेल का?

प्रश्न थोडक्यात असा: विदर्भात वीस वर्षांहून जास्त काळ बीटी कपाशी घेतली जातेय. त्यामुळे जमिनीतले जिवाणू आणि गांडुळं कमी झाली, जमीन ‘मेली’, असं बरेच जण म्हणतात. शेतकरी गटाला किंवा एखाद्या कृषी महाविद्यालयाला माती तपासून याची शहानिशा करता येईल का?

करता येईल. फक्त मातीचे नमुने पिशवीत भरून प्रयोगशाळेत पाठवले तर उत्तर मिळणार नाही. मृद आरोग्य पत्रिकेत बारा घटक असतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल आणि बोरॉन. त्यात एकही जैविक घटक नाही. शिवाय हे आकडे बदलले तरी ते जनुकामुळेच बदलले असं ठरत नाही. लाल्याचं उदाहरण घ्या. बीटी आल्यावर पानं लाल पडायला लागली, म्हणून दोष जनुकावर गेला. खरं तर बोंडअळीपासून वाचलेली बोंडं एकाच वेळी झाडावर भरतात आणि नत्र, मॅग्नेशियम झपाट्याने ओढून घेतात. त्यात हलकी जमीन आणि रात्रीची थंडी आली की पानं लाल होतात. हा परिणाम बीटीशी जोडलेला आहे, पण क्राय प्रथिनाने (बीटी जनुकामुळे झाडात तयार होणाऱ्या, अळी मारणाऱ्या प्रथिनाने) माती विषारी झाली म्हणून तो होत नाही. मातीच्या निरीक्षणाची आखणी करताना हा फरक पहिल्या दिवसापासून धरून चालावं लागतं.

तुलना कशाशी करायची

सगळ्यात अवघड काम हेच आहे. जनुकबदल पिकांना मान्यता देणाऱ्या केंद्राच्या समितीने, म्हणजे जीईएसीने, मार्च २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी दिली. २००६ मध्ये क्राय१एसी आणि क्राय२एबी अशी दोन जनुकं असलेलं बोलगार्ड-२ आलं. आज महाराष्ट्रातली जवळजवळ सगळी कपाशी बीटी आहे. म्हणजे ‘आधी’ची माती हातात नाही आणि शेजारी बिगर-बीटी शेतही नाही.

लोक मग देशी कपाशीचं शेत किंवा सेंद्रिय शेत तुलनेला घेतात. दोन्ही चूक. देशी कपाशी ही वेगळी प्रजाती आहे, तिची मुळं आणि मुळांतून झिरपणारे पदार्थ वेगळे. सेंद्रिय शेतात शेणखत जास्त असतं आणि रासायनिक फवारणी नसते. तिथे जिवाणू जास्त दिसले तर श्रेय शेणखताला द्यायचं की बीटी नसण्याला, हे कुणी सांगू शकणार नाही.

तुलनेला हवा तोच वाण, ज्यात फक्त जनुक नाही. संकरित बीटीच्या बाबतीत असं बियाणं कंपनीबाहेर मिळणं कठीण. पूर्वी ४५० ग्रॅम बीटीसोबत १२० ग्रॅम बिगर-बीटीचं वेगळं पाकीट यायचं, पण ते त्याच संकराचं असेलच याची खात्री नव्हती. आता हे बिगर-बीटी, म्हणजे आश्रयाचं, बियाणं त्याच पाकिटात मिसळून येतं, त्यामुळे तेही वेगळं काढता येत नाही. त्यातल्या त्यात चांगला मार्ग सरळ (संकरित नसलेल्या) वाणांचा आहे. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचा सुरज आणि सुरज बीटी, किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा पीकेव्ही ०८१ आणि त्याचं बीटी रूप. अशी जोडी बियाण्यासह मिळवता आली तर निम्मं काम झालं समजा. एक मर्यादा मात्र आहे. या सरळ वाणांत एकच जनुक आहे, क्राय१एसी. त्यावरून क्राय२एबीबद्दल काही म्हणता येत नाही.

बियाण्याच्या प्रक्रियेकडे हमखास दुर्लक्ष होतं. पाकिटातल्या बीटी सरकीला बहुधा इमिडाक्लोप्रिडची प्रक्रिया केलेली असते आणि घरच्या बियाण्याला नसते. मग मातीतल्या बारीक कीटकांमध्ये दिसलेला फरक इमिडाक्लोप्रिडचा निघतो. दोन्ही बियाण्यांना एकच प्रक्रिया करा, नाहीतर दोन्हीकडून टाळा.

फवारणीचं कोडं आणखी चिवट आहे. बिगर-बीटीवर अळीसाठी जास्त फवारण्या लागतात. तुम्हाला नुसता जनुकाचा परिणाम हवा की जनुकासोबत येणाऱ्या शेतीपद्धतीचा? दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण उत्तरं वेगळी. जमत असेल तर चार प्लॉट करा: बीटी आणि बिगर-बीटी, प्रत्येकी फवारणीसह आणि फवारणीविना. दोनच प्लॉट झेपत असतील तर दोन्हीकडे एकच फवारणी करा आणि अहवालात ते स्पष्ट लिहा. २०१७ नंतर गुलाबी बोंडअळीने बोलगार्ड-२ ला दाद देणं थांबवलं. त्यामुळे बीटीवरच्या फवारण्याही वाढल्या आहेत आणि जुन्या निष्कर्षांतली ‘बीटी म्हणजे कमी फवारणी’ ही अट आज जशीच्या तशी लागू होत नाही.

किती शेतं लागतील

एका शेतातून पंचवीस नमुने घेऊन पंचवीस आकडे मांडणं हा सर्रास होणारा घोटाळा आहे. ते पंचवीस नमुने एकाच शेताबद्दल बोलतात. मोजायचं एकक शेत किंवा स्वतंत्र प्लॉट.

आकडा काढायची सोपी रीत: नेहमीची ८० टक्के खात्री (खरा फरक असेल तर तो दिसण्याची) आणि ५ टक्के चुकीची मर्यादा (नसलेला फरक दिसण्याची) धरली, तर प्रत्येक गटात लागणारे प्लॉट साधारण १६ गुणिले (विचलन भागिले फरक) चा वर्ग. विचलन म्हणजे प्रमाण विचलन सरासरीच्या किती टक्के आहे ते. फरक म्हणजे किती टक्क्यांचा बदल पकडायचा आहे तो. जिवाणूंच्या जैवभार कर्बात (त्यांच्या शरीरात असलेल्या कर्बात) शेताशेतांत २५ टक्के विचलन सहज असतं. २० टक्क्यांचा फरक पकडायचा असेल तर गटागणिक २५ प्लॉट लागतात. १० टक्क्यांचा पकडायचा तर १००. म्हणून तीन-चार शेतांचा अभ्यास करून ‘काही फरक आढळला नाही’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. त्याला फरक दिसण्याची शक्यताच नव्हती.

जोड्या लावल्या तर संख्या साधारण निम्मी होते. त्याच शेतात, त्याच उतारावर, धुऱ्यापासून सारख्या अंतरावर बीटी आणि बिगर-बीटी शेजारी-शेजारी लावा. सूत्रात १६ ऐवजी ८ येतात आणि विचलन जोडीतल्या फरकाचं धरायचं. ते २५ टक्के असलं तरी २० टक्के फरकासाठी १३ जोड्या पुरतात. दोन जास्त ठेवा, एखादं शेत बुडतंच. पंधरा शेतकऱ्यांचा गट हे करू शकतो.

प्लॉट दहा गुंठ्यांपेक्षा लहान नको. कडेचे चार तास सोडून द्या. पेरणीनंतर ३० ते ४० दिवसांनी प्रत्येक प्लॉटमधल्या २० ते ३० झाडांची पानं क्राय प्रथिनाच्या पट्टीवर तपासा. बिगर-बीटीत एखाद-दुसरं झाड बीटी निघालं तर उपटून टाका. पाच टक्क्यांहून जास्त निघाली तर तो प्लॉट बाद करा.

नमुना कधी आणि कसा

चार वेळा: पेरणीपूर्वी, पाते-फुलांच्या वेळी (६० ते ७० दिवस), बोंडं भरताना (१०० ते १२० दिवस) आणि शेवटच्या वेचणीनंतर साधारण दोन महिन्यांनी. पेरणीपूर्वीचा नमुना टाळू नका. दोन प्लॉट मुळातच वेगळे होते की नंतर वेगळे झाले, हे फक्त तोच सांगतो. फरदड (नेहमीच्या वेचण्यांनंतरही राखलेली कपाशी) ठेवली असेल तर शेवटची तारीख सगळ्या शेतांत सारखीच पुढे ढकला.

काळ्या मातीत नमुना वाफशावरच घ्यायचा. ओली असताना गिरमिटाला लादा चिकटतो, चाळता येत नाही आणि मुळालगतची माती वेगळी होत नाही. कोरडी असताना ढेकूळ फुटत नाही. शिवाय कोरड्या मातीवर पहिला पाऊस पडला की दोन-तीन दिवस जिवाणूंची हालचाल एकदम उसळते. त्या दिवसांत घेतलेला नमुना बाकीच्यांशी ताडून पाहता येत नाही. सगळी शेतं दोन ते तीन दिवसांत उरकावीत आणि जोडीतले दोन्ही प्लॉट एकाच दिवशी.

भेगा टाळा. उन्हाळ्यात भारी जमिनीत भेगा खोल जातात, वरचा पालापाचोळा आणि माती त्यात पडते. भेगेच्या तोंडाशी गिरमिट घातलं तर ‘१५ ते ३० सेंमी’ म्हणून वरचीच माती हातात येते. भेगेपासून निदान एक वीत लांब राहा.

एका प्लॉटमधून नागमोडी चालत १५ ते २० ठिकाणी ०–१५ सेंमीची माती घ्या, घमेल्यात मिसळा आणि चौथाई पद्धतीने अर्धा किलोवर आणा. मुळालगतच्या मातीसाठी वेगळी आठ-दहा झाडं २० सेंमी खोलीपर्यंत मातीसह उपटा. हलकेच झटकून सैल माती पाडा आणि मुळाला चिकटून राहिलेली एक-दोन मिलिमीटरची माती ब्रशने काढा. क्राय प्रथिन असेल तर इथेच आणि गळलेल्या पानांखाली असेल. दोन ओळींमधल्या मातीत शोधून निराशाच पदरी पडते.

नमुने बर्फाच्या पेटीत आणा. जैविक तपासणीची माती कधीही उन्हात वाळवू नका. चार अंशांवर ठेवून आठवड्याभरात तपासणी संपवा. डीएनएसाठी १० ग्रॅम वेगळे काढून उणे २० अंशांवर, सोय असेल तर उणे ८० वर ठेवा. सगळे आकडे १०५ अंशांवर २४ तास सुकवलेल्या मातीच्या वजनावर मांडा. भारी माती तिसऱ्या हिश्शाइतकं पाणी धरून बसते, त्यामुळे ओल्या वजनावरचे आकडे फसवतात.

काय मोजायचं

सुरुवात तीन गोष्टींनी करा: जैवभार कर्ब, आणि डिहायड्रोजिनेज व फॉस्फेटेज ही मातीतली दोन विकरं (एन्झाइम).

जैवभार कर्बासाठी क्लोरोफॉर्मची धुरी पद्धत वापरतात. कोरड्या वजनाने २५ ग्रॅम मातीला अल्कोहोलविरहित क्लोरोफॉर्मची २५ अंशांवर २४ तास धुरी द्यायची आणि वाफ पूर्ण काढून टाकायची. मग १०० मिली ०.५ मोलर पोटॅशियम सल्फेटमध्ये अर्धा तास हलवून गाळायचं. धुरी न दिलेल्या मातीचंही तसंच करायचं. दोन्हींच्या कर्बातला फरक ०.३८ ने भागायचा. हा भाजक डायक्रोमेट पद्धतीचा. कर्ब यंत्रावर मोजला तर ०.४५. कोणता वापरला ते लिहिलं नाही तर दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळत नाहीत. इथली नेहमीची गफलत म्हणजे बारीक जिवंत मुळं मातीत राहणं. क्लोरोफॉर्म त्यांचाही कर्ब सोडवतं आणि मुळालगतच्या नमुन्याचा आकडा फुगतो. चिमट्याने मुळं वेचा, कंटाळा करू नका.

डिहायड्रोजिनेजसाठी ६ ग्रॅम माती, ६० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट, १ मिली तीन टक्के टीटीसी (या विकरामुळे लाल होणारं रसायन) आणि २.५ मिली पाणी एकत्र करून ३७ अंशांवर २४ तास अंधारात ठेवायचं. नंतर मिथेनॉलने लाल रंग पूर्ण उतरेपर्यंत धुऊन ४८५ नॅनोमीटरवर वाचायचं. नळी उजेडात राहिली तर टीटीसी आपोआप लाल होतं. आणि काळ्या मातीतून रंग पहिल्या धुण्यात सुटत नाही. दोनदा धुऊन थांबलात तर जिवाणू कमी असल्याचा भास होतो.

सामू आठच्या आसपास असलेल्या जमिनीत अल्कलाइन फॉस्फेटेज मोजावं, आम्ल नव्हे. स्फुरदाचं खत जास्त दिलं की हे विकर कमी होतं. म्हणून जोडीतल्या दोन्ही प्लॉटला खताची मात्रा आणि तारीख एकच हवी. युरियाची मात्रा दिल्यावर दोन-तीन आठवडे युरिएज (युरिया फोडणारं विकर) मोजू नका.

गांडुळांसाठी २५ गुणिले २५ सेंमीचा, ३० सेंमी खोल खड्डा करून माती हाताने निवडायची. प्रत्येक प्लॉटला किमान पाच खड्डे, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. मोहरीचं पाणी ओतून गांडुळं वर काढायची पद्धत भारी मातीत चालत नाही. पाणी एकतर मुरत नाही, नाहीतर भेगेतून थेट खाली जातं. कपाशीच्या शेतात अनेक खड्डे रिकामे निघतील. तो आकडाही नोंदवायचा, ‘खड्डा वाया गेला’ म्हणून गाळायचा नाही. बारीक कीटकांसाठी टुलग्रेन नरसाळं (वरून दिव्याची उष्णता देऊन मातीतले कीटक खाली उतरवणारं) वापरत असाल तर मातीचा गोळा तसाच ठेवू नका. दिव्याच्या उष्णतेने काळी माती आवळून टणक होते आणि कोळी, स्प्रिंगटेल आतच अडकतात. गोळा अलगद फोडून जाळीवर उलटा पसरा.

माझ्या मते सगळ्यात बोलकी चाचणी पानांच्या पिशव्यांची आहे, आणि ती स्वस्तही आहे. दोन्ही वाणांची गळालेली पानं वाळवून १०-१० ग्रॅम, २ मिमी जाळीच्या नायलॉन पिशव्यांत भरा. बीटीची पानं बीटी प्लॉटमध्ये आणि बिगर-बीटीतही पुरा, बिगर-बीटीची पानंही दोन्हीकडे. खोली ५ ते १० सेंमी. ३०, ६०, ९० आणि १२० दिवसांनी प्रत्येक प्रकारच्या काही पिशव्या काढून वजन करा. पानं वेगळी म्हणून कुजण्यात फरक पडतो की माती वेगळी म्हणून, हे या अदलाबदलीतून वेगळं होतं. पिशवीत शिरलेल्या मातीचं वजन वजा करायला ५५० अंशांवर राख करावीच लागते, नाहीतर काही पिशव्या कुजण्याऐवजी जड झालेल्या दिसतील. पूर्वी पऱ्हाटी उपटून जळणाला जायची, त्यामुळे मातीत मुख्यतः पानं आणि बारीक मुळंच जात. आता श्रेडरने पऱ्हाटी शेतातच कुटली जाते. तिथे पऱ्हाटीच्या तुकड्यांच्याही पिशव्या लावा.

क्राय प्रथिन शोधताना

एलायझाचे (प्रथिन ओळखून मोजणाऱ्या चाचणीचे) संच पानांसाठी बनवलेले असतात. तेच संच मातीच्या अर्कावर वापरले की अडचण येते. काळ्या मातीतली स्मेक्टाइट चिकणमाती प्रथिनाला घट्ट धरते आणि साध्या द्रावणात ते सुटत नाही. संच ‘शून्य’ सांगतो आणि लोक ‘प्रथिन नाही’ असं लिहून मोकळे होतात. म्हणून आधी बिगर-बीटी मातीत मोजून प्रथिन मिसळा, उदाहरणार्थ ग्रॅमला ५, २० आणि ५० नॅनोग्रॅम. दोन तास ठेवा, अर्क काढा आणि किती परत मिळालं ते पाहा. क्षार आणि सामू जास्त असलेलं द्रावण बहुधा जास्त प्रथिन सोडवतं. परत मिळण्याचं प्रमाण अहवालात द्या. ते निम्म्याहून कमी असेल तर ‘आढळलं नाही’ या शब्दांना फारसा अर्थ उरत नाही. तुलनेची आलेखरेषाही पाण्यात नव्हे, बिगर-बीटी मातीच्या अर्कात काढा. बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा मुळात मातीतलाच जिवाणू, आणि त्याची जैविक कीटकनाशकं फवारलीही जातात. त्यामुळे बिगर-बीटी मातीतही थोडी पार्श्वभूमी दिसू शकते.

चर्चांमध्ये ‘विष २३४ दिवस टिकतं’ हा आकडा फिरत असतो. तो न्यूयॉर्क विद्यापीठातल्या गुंथर स्टॉट्स्की यांच्या प्रयोगशाळेतला आहे. तिथे शुद्ध प्रथिन मातीत मिसळलं होतं. केओलिनाइट हे चिकणमातीचं खनिज असलेल्या आम्ल मातीत ते जास्त टिकलं. मॉन्टमोरिलोनाइट (स्मेक्टाइटचाच एक प्रकार) मिसळलेल्या किंवा सामू वाढवलेल्या मातीत अळी मारण्याची ताकद लवकर घटली. आपली काळी माती दुसऱ्या प्रकाराजवळची आहे. उलट बाजूने, अमेरिकेत तीन ते सहा वर्षं बीटी कपाशी घेतलेल्या शेतांत क्राय१एसी साठलेलं आढळलं नाही, हा २००२ चा अभ्यासही सांगितला जातो. दोन्ही निष्कर्ष आपापल्या मातीपुरते. आपल्या शेतात टिकतं की नाही हे शेवटच्या वेचणीनंतरच्या नमुन्यावरून ठरवा. शंका उरली तर नुकत्याच अंड्यातून निघालेल्या, बीटीला बळी पडणाऱ्या हरभऱ्यावरील घाटेअळीच्या पिलांना तो अर्क खाद्यात मिसळून द्या. प्रथिन दिसणं वेगळं आणि ते काम करणं वेगळं.

डीएनएच्या बाबतीत एकच इशारा. एनपीटी-२ हे खुणेचं जनुक मातीतल्या जिवाणूंत आधीपासून असू शकतं. ते सापडलं म्हणून ‘जनुक पिकातून जिवाणूत गेलं’ असं होत नाही. बीटीच्या रचनेतला जोड ओळखणारी पीसीआर (डीएनएचा ठराविक तुकडा वाढवून शोधणारी) चाचणीच हवी. आणि मातीतल्या सेंद्रिय पदार्थांच्या ह्युमिक आम्लामुळे पीसीआर अडतो, म्हणून अर्क दहापट पातळ करूनही एकदा चालवा.

आकडे आल्यावर

युरोपीय संघाच्या २००१/१८ या निर्देशात बाजारात आलेल्या जनुकबदल पिकांच्या निरीक्षणाचे दोन भाग आहेत: विशिष्ट शंकेची तपासणी आणि सर्वसाधारण पाळत. गटाने पहिला भाग करावा. शंका आधी लिहून ठेवायची, उदाहरणार्थ ‘बीटी प्लॉटमध्ये पानं कुजण्याचा वेग २० टक्क्यांनी कमी होतो’. किती बदल महत्त्वाचा मानायचा हेही आधीच ठरवायचं. पंधरा घटक मोजून त्यातला एक ‘लक्षणीय’ निघाला की त्यावर बातमी करायची, हे टाळायचा हाच उपाय. पाच टक्क्यांच्या मर्यादेवर वीस चाचण्यांत सरासरी एक नुसत्या योगायोगाने लक्षणीय निघते.

दुसरी फूटपट्टी हंगामाची. त्याच प्लॉटमध्ये पेरणीपूर्वी आणि फुलोऱ्यात जैवभार किती बदलला, आणि कपाशीऐवजी सोयाबीन किंवा तूर घेतलेल्या शेजारच्या शेतात तो किती आहे, हे सोबत मांडा. बीटीमुळे दिसणारा फरक या चढउतारात मावतो का ते पाहा. मावत असेल तर ‘फरक आहे पण लहान’ असं लिहा. मावत नसेल आणि सलग दोन हंगामांत त्याच दिशेने दिसत असेल, तर फवारणीच्या नोंदी, बियाण्याची प्रक्रिया आणि खताच्या तारखा परत तपासा. मग तेवढाच घटक घेऊन, कुंड्यांत त्याच मातीवर, दोन्ही वाणांची स्वतंत्र चाचणी लावा.

परवानगी नसलेली तणनाशक-सहनशील कपाशी कुणाच्या शेतात शिरली असेल तर ते शेत वेगळं ठेवा. तिथे ग्लायफोसेट आणि त्याचं विघटन होऊन बनणारं अँपा मातीत असतं, तण नसल्याने मुळांची विविधता घटलेली असते आणि डवरणीही कमी होते. हे सगळं क्राय प्रथिनाच्या खात्यावर टाकलं तर बाकीच्या चौदा शेतांचे आकडेही बिघडतील. शेतकऱ्याकडून बियाण्याची खरी माहिती मिळावी म्हणून नाव न लिहिता शेतांना क्रमांक द्या, आणि नोंदवहीत बियाण्याचा रकाना पेरणीच्या दिवशीच भरून घ्या.